मागचे सहा खांब

३ फेब्रुवारी, सोमवार

"नवं असू दे, पण नवं दिसता कामा नये!"

भर बैठकीत, कपातला चहा ढवळत, जतन समितीचे अध्यक्ष हे बोलले. आणि सात माना डोलल्या. सात शिकल्यासवरल्या माणसांच्या!

घरी आलो ते चिडूनच. जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, ताटावर कशाला राग? त्यानं काय केलंय?" म्हणून आता वहीवर काढतो. वही उलटून बोलत नाही.

कोठार पडून मोकळी झालेली ती जागा. जुन्या रस्त्यावर, दोन्ही अंगांना दीडशे-दोनशे वर्षांची घरं. तिथे समाजघर व्हायचंय — सभेला एक मोठी खोली, वाचायला एक लहान, दारात म्हाताऱ्यांना बसायला रुंद पायरी. सगळं लाकडाचं. जोड उघडे ठेवलेत. कुठला खांब कुठल्या तुळईला कसा धरून आहे, ते आत आलेल्या कुणालाही मान वर केली की कळावं. दोन वर्षं गेली या नकाशांवर.

आणि या जतन समितीला काय हवंय? समोरच्या बाजूला कोरीव फळ्या ठोका. वरून काळपट रंग द्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं वाटेल. त्या फळ्या कुणी कोरतही नाही, यंत्रावर निघतात, मीटरवर मिळतात! त्यांच्यामागे काही नाही. त्या काही उचलत नाहीत, काही धरत नाहीत.

"शेजारच्या घरांचा मान राखायला नको का?" अध्यक्ष.

मी म्हणालो, "ती घरं बांधली तेव्हा त्यांनी कुणाचं सोंग घेतलं होतं?"

चमचे वाजले.

गावच्या शाळेत छपराला टेकू म्हणून एक खांब होता. साल तशीच, बुंध्याशी जाड, वर निमुळता. गुरुजी त्याला पाठ लावून शिकवायचे. दुपारी वारा सुटला की तो कण्हायचा, आणि आम्ही पोरं गप्प होऊन ऐकायचो. त्याला कुणी नक्षी काढली नव्हती. पण तो छप्पर पेलत होता, आणि ते आम्हाला दिसत होतं. माझं सगळं शिक्षण तिथंच झालं असं कधी कधी वाटतं. पुढची पदवी हा नुसता कागद.

५ फेब्रुवारी, बुधवार

समितीचं पत्र. फळ्यांचा निर्णय मतदानानं. त्याआधी नियमाप्रमाणे जागेवर बांबू उभे करायचे.

हा नियम मात्र मला आवडतो. जुन्या वस्तीत काहीही बांधायचं तर आधी चारी कोपऱ्यांना बांबू उभे करायचे, इमारत जेवढी उंच होणार तेवढे. वरून लाल दोरी ताणायची. दहा दिवस ठेवायचं. नकाशा कळत नाही त्याला दोरी कळते. ज्याला हरकत घ्यायची त्यानं दोरी बघून घ्यावी.

सगळ्या पत्रात तेवढंच एक शहाणपण. ते जुन्या लोकांचं आहे, समितीचं नाही!

८ फेब्रुवारी, शनिवार

बांबू उभे झाले.

मिस्त्री सकाळी सातलाच हजर. त्याचं आणि माझं वीस वर्षांचं जमतं. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, तरी मला साहेब म्हणतो, आणि ज्या सुरात म्हणतो त्यात साहेबपणा काही शिल्लक राहत नाही. मी पुढच्या दोन बांबूंपाशी उभा राहून टेप धरला. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकवाला ओरडायला लागला, बांबूंमुळे वळता येईना. मी तिकडे धावलो. मागच्या बाजूला मिस्त्री होता. तिथून ओरडून विचारलं, "साहेब, मागं किती?"

"तेवढंच! शून्यापासून एकोणीस!"

दुपारपर्यंत दोरी ताणून झाली. लोक जमले. किराणावाला म्हणाला, "एवढंच? मला वाटलं किल्ला बांधताय." एक आजीबाई बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे. आभाळ ठेवलंय."

आभाळ ठेवलंय! समितीत एवढं तरी कुणी बोललं का?

छपराची कड रस्त्यापासून मागच्या अंगणापर्यंत अठ्ठेचाळीस फूट एका रेषेत जाते. कुठे पायरी नाही, कुठे वाकणं नाही. ती रेषा काढायला मला सात महिने लागले. आज हवेत दोरीची का होईना, पण दिसली.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी डोळे मिटून बसलो. मागितलं काही नाही. देवाशी अध्यक्षांविषयी भांडलोच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एक हरकत आलीच. मागच्या अंगणाच्या कोपऱ्यावर वरच्या मजल्यावर एक बाई रफू करतात. कपड्याला भोक पडलं, जळलं, उंदरानं खाल्लं, की लोक त्यांच्याकडे आणतात. त्यांनी अर्ज दिलाय : उजेड जाईल.

मी चिडूनच गेलो. कुठेही काही नवं करा, कुणाचा तरी उजेड जातोच!

बाई साठीच्या. चष्मा कपाळावर. मला बघून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "बसा. हे बघा." मांडीवर काळा कोट. "काळ्यावर काळा धागा. ह्या खिडकीतून उजेड आला तर टाका दिसतो. बल्बखाली दिसत नाही. करून बघा हवं तर."

मी सुई हातात घेतली. त्यांनी पडदा ओढला, बल्ब लावला. काळ्या कापडात काळा धागा — जणू मी सुई नुसतीच हवेत फिरवत होतो.

"दुपारी बारा ते तीन," त्या म्हणाल्या. "थंडीत सूर्य खाली असतो ना, तेव्हा तेवढेच तीन तास. त्यातच माझी चूल."

मी म्हणालो, "बाई, दोरी बघा. तिच्यावर एक इंचही जाणार नाही. माझा शब्द."

"शब्द नको. दोरी बघते."

राग कुठल्या कुठे गेला. येताना वाटलं, अख्ख्या गावात कामाविषयी नीट बोलणारं एक माणूस भेटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी तीन दिवस दुपारी खिडकीत बसून बघितलं म्हणे. दोरीची सावली खिडकीच्या चौकटीखालीच राहते. आज हरकत मागे घेतली. ऑफिसात स्वतः येऊन सांगितलं. जाताना म्हणाल्या, "तुमचा कोट कोपरावर विरलाय. आणून द्या कधीतरी."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकलो! चार विरुद्ध तीन!

फळ्या गेल्या. काळा रंग गेला. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही म्हणता, आमच्या पूर्वजांची नक्षी खोटी?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "त्यांची खरी. आपण ठोकणार ती खोटी. लाकडाला खोटं बोलायला लावू नये, एवढंच माझं म्हणणं. जे दाखवलं तेच बांधायचं. जे बांधलं तेच दाखवायचं."

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. एकच. पण वाजवली.

वखारीत निरोप दिला : खांब कापायला घ्या, यादीप्रमाणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज डोळे मिटून बसलो ते नुसता बसलो. भांडण नाही, मागणं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी कोट घेऊन बाईंकडे गेलो. त्या कोपर उलटून बघत होत्या, मी खिडकीशी उभा. तिथून आमची जागा पूर्ण लांबीत दिसते. पलीकडे एका दुमजली घराच्या गच्चीची कड — सरळ आडवी. तिच्यासमोर आमची लाल दोरी, अजून काढायची राहिलेली.

दोरी उतरती होती.

रस्त्याकडे वर, अंगणाकडे खाली. आधी वाटलं सैल पडली. पण सैल दोरीला मध्ये झोळ येतो. ही ताठ होती. ताठ आणि उतरती.

बाई काहीतरी बोलत होत्या, "पंधरा दिवस लागतील." मी हो म्हणालो. जिना उतरलो, मागच्या बांबूला टेप लावला. जमिनीपासून एकोणीस फूट.

जमिनीपासून!

जागा मागे उतरत जाते. समाजघराची फरशी रस्त्याच्या पातळीला आहे, मागच्या अंगणात ती जमिनीपासून साडेतीन फूट वर येते. शेजारच्या भिंतीवर मीच खडूनं रेघ मारून ठेवलीय, ती माझ्या पोटाशी लागली. नकाशात सगळ्या उंच्या फरशीपासून. फरशी म्हणजे शून्य. मागचा बांबू हवा होता साडेबावीस फूट. उभा आहे एकोणीस. मी पुढचे दोन मोजले, मागचे मोजले नाहीत. ट्रकवाल्याशी भांडत होतो.

समितीनं जी दोरी बघून मत दिलं ती खोटी. बाईंनी जी दोरी बघून हरकत सोडली ती खोटी. खरं छप्पर त्यांच्या खिडकीसमोर साडेतीन फूट वर जाणार. बारा ते तीन.

लाकडाला खोटं बोलायला लावू नये! सहाच दिवस झाले हे बोलून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं लिहायची गरज नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शून्य कुठे मांडलं ते सांगितल्याशिवाय आम्ही सहावीच्या मुलांना रेघ मारू देत नाही."

चिडलो. म्हणालो, मला सहावीत बसवू नकोस. मग म्हणालो, कुणाला कळलेलं नाही. छप्पर चढेपर्यंत कळणारही नाही. मग आपणच बोललेलं आपल्याच कानांनी ऐकलं, आणि उठून बाहेर गेलो.

परत आल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला बाईंच्या खिडकीची काळजी आहे, की स्वतःच्या शब्दाची?"

"दोन्हीची."

"दोन्ही वाचणार नाहीत असं झालं तर?"

मी नकाशा उघडला. तो बघत ती म्हणाली, "मागे उतरतं करा छप्पर."

उतरतं! अठ्ठेचाळीस फूट सरळ गेलेली रेषा शेवटी मान टाकणार! म्हणालो, तुला नाही कळायचं. हे मात्र बोलायला नको होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वखारीत मिस्त्री भेटला. खांब कापून रचून ठेवलेले. मागचे सहा वेगळे, सगळ्यांत लांब. त्यांच्यावर हात फिरवला. असं लाकूड पुन्हा मिळायचं नाही.

सगळं सांगितलं. त्यानं खांबाच्या बुंध्यावर हात ठेवला.

"तुम्ही म्हणालात शून्यापासून."

"शून्य म्हणजे फरशी, मिस्त्री."

"खांबाचं शून्य खांबाच्या पायाशी असतं, साहेब. फरशी नंतर येते."

त्याच्या जागी तो बरोबर. चाळीस वर्षं तो तसंच मोजतोय. मी कागदावरून मोजतो, तो जमिनीवरून. वीस वर्षांत कधी अडलं नाही, कारण वीस वर्षांत आम्ही उतारावर एकत्र बांधलंच नव्हतं.

"चूक माझी," मी म्हणालो. "मी मोजायला हवं होतं."

"हे खांब मीच कापले, साडेबावीस. बांबूही मीच रोवले, एकोणीस. दोन्ही आकडे ह्याच हातातून गेले." हात पुढे करून दाखवला. "डोक्यातून नाही गेले."

मग विचारलं, "आता?"

म्हणालो, समितीला कळवतो, मग बघू. तो "बरं" म्हणाला आणि करवतीला धार लावायला बसला. मला ते बरं म्हणणं आवडलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अध्यक्षांच्या घरी गेलो. लेखी दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा काढला.

"हे अजून कुणाला दाखवलंत?"

"नाही. उद्या बांबू दुरुस्त करतो. फेरसुनावणी लावा."

"अहो, झाकली मूठ सवा लाखाची! मत झालं, परवानगी झाली. कशाला उकरून काढता? गावात हसं होईल. तुमचंही, समितीचंही."

याच माणसानं पूर्वजांच्या नावानं माझं रक्त आटवलं! तेव्हा वारसा, मान, परंपरा! आणि आता मूठ! नियम जुना, दोरी जुनी, त्या नियमाचं खरं राखायची वेळ आली तर म्हणे हसं होईल. यांना जुन्याचं तोंड हवंय. जुन्याचा कणा नको.

तडक उठलो. चहा तसाच राहिला.

१ मार्च, शनिवार

मागचे बांबू खरे केले. साडेबावीस. मिस्त्री वर चढला, मी टेप धरला. या वेळी खालच्या टोकाशी स्वतः गुडघे टेकून बसलो.

बाई खिडकीत होत्या. बारा वाजता चौकटीवर सावली चढायला लागली, साडेबाराला काचेवर. आत त्यांनी पडदा ओढून दिवा लावून बघितला. तो पिवळा चौकोन बघवेना.

वर गेलो. म्हणालो, "चूक झाली. मुद्दाम नाही."

"मुद्दाम असती तर आज दोरी वर गेली नसती," त्या म्हणाल्या. "पण सावलीला ते कुठं कळतं?"

माझा कोट खुंटीला होता. एक कोपर झालेलं, एक तसंच. सोमवारी पुन्हा हरकत देणार म्हणाल्या. द्याच, म्हणालो.

४ मार्च, मंगळवार

अध्यक्षांनी बोलावलं. चेहरा एकदम गोड. म्हणाले, "बघा, हरकत एकाच बाईची आहे. ती मी समितीत बाजूला ठेवतो, तेवढे अधिकार आहेत मला. तुमची कड सरळ राहू द्या, खांब जसेच्या तसे. तुम्ही फक्त समोरच्या फळ्या मान्य करा. तुमचं अंग नवं, आमचं तोंड जुनं. दोघांचंही झालं!"

"आणि बाई?"

"त्यांना चांगला दिवा बसवून देऊ. हल्ली काय एकेक दिवे निघालेत!"

चपला घालून बाहेर पडलो. थांबलो असतो तर शिवीच निघाली असती, आणि उभ्या जन्मात मी शिवी दिलेली नाही.

५ मार्च, बुधवार

निर्लज्जपणा! म्हणजे आता एका खोट्यासाठी दुसरं खोटं. समोर खोटी नक्षी, मागे खोटा शब्द. आणि मध्ये माझी अठ्ठेचाळीस फुटांची खरी रेषा! वा! किती छान बसतं!

दिवसभर ऑफिसात याच्या-त्याच्यावर खेकसलो. संध्याकाळी नकाशा काढून बसलो, मागे उतरतं छप्पर करून बघितलं. तीनदा काढलं. तीनदा चुरगाळलं. प्रत्येक वेळी वाटायचं, इमारत कुणासमोर तरी वाकलीय.

७ मार्च, शुक्रवार

मिस्त्रीला अध्यक्षांचं म्हणणं सांगितलं. त्यानं विचारलं, "फळ्या किती?"

"बावीस."

"बावीस फळ्या ठोकायला मला दोन दिवस पुरे. काढायला एक." हसला. मग म्हणाला, "बाईंच्यात माझ्या बायकोचं एक जुनं लुगडं आहे. इस्त्रीनं जळलेलं. तिच्या आईचं. महिना झाला, घाई करत नाही मी."

एवढंच बोलला. टोमणा होता की नुसतं सांगणं, कळलं नाही. मलाच बोचलं.

८ मार्च, शनिवार

शांतपणे विचार केला. रागात माणूस आंधळा होतो, हे मी इतरांना सांगतो.

आता, फळ्यांचं. मिस्त्री म्हणाला तसं, ठोकल्या तशा काढता येतात. दहा वर्षांनी समिती बदलेल, कुणीतरी काढून टाकेल. आतली इमारत खरीच राहील. रेषा एकदा मोडली की कायमची मोडली. तिथे दुरुस्ती नाही.

आणि बाई. त्यांना पुढच्या बाजूला खोली मिळवून देता येईल कदाचित. विचारून बघता येईल. वय झालंय, आणखी किती वर्षं काम करणार? समाजघर दोनशे वर्षं उभं राहील. हजार माणसं बसतील तिथे. एका खिडकीसाठी हजार माणसांना आपण काय देतोय, काय नाकारतोय, तेही बघायला हवं. सगळीकडून विचार करायला हवा.

सकाळी डोळे मिटून बसलो. मन लागलं नाही. झोप नीट झाली नसेल.

९ मार्च, रविवार

अध्यक्षांचा माणूस कागद देऊन गेला. अर्ध्या पानाचाच मजकूर. फळ्या मान्य. मागची उंची साडेबावीस, हरकत नामंजूर. खाली माझं नाव छापलेलं, त्यावर सहीची जागा.

बायकोनं वाचला. परत घडी घातली, जशी होती तशीच, आणि मला दिला. मी कारणं सांगायला लागलो. ती म्हणाली, "मला नका सांगू. मी कुठं विचारलंय?"

उद्या सकाळी सही करून देणार. ठरलं. जाता जाता वखारीत मिस्त्रीला सांगून जाईन, मागचे खांब मंगळवारी जागेवर न्या म्हणून.

१० मार्च, सोमवार

वखारीच्या दारात भुसा ताजा होता. मागचे खांब पाच जागी पाच पडलेले, एकोणीस फुटांचे. बाजूला साडेतीन फुटांचे पाच तुकडे, नीट रचून. सहावा कापायच्या लाकडी घोडीवर चढवलेला, त्यावर पेन्सिलची रेघ, रेघेवर करवत आडवी ठेवलेली. मिस्त्री पायरीवर बसला होता. उठला नाही. म्हणाला, "माझे झाले. हा तुमचा."

ओरडणारच होतो. खिशात तो कागद होता, सही अजून व्हायची. करवत उचलली.

पंचवीस वर्षं मी लाकडाचे नकाशे काढतोय. आजवर लाकूड कधी कापलं नव्हतं. अर्धा तास लागला, तळहाताला दोन फोड आले. तुकडा खाली पडला तेव्हा मिस्त्रीनं वर बघितलं.

"आता नकाशा काढा," म्हणाला.